बारापैकी उरलेले दोन

२०२३च्या ऑगस्टमधला एक सोमवार. संध्याकाळच्या कॉलवर आमच्या टीममधला सिएटलचा सहकारी नेहमीसारखा बोलत नव्हता. कुठे सर्व्हर पडला की काय, म्हणून मी विचारलं. "सर्व्हर ठीक आहे," तो म्हणाला, "आमचं कॉलेज मागे राहिलं."

तो पुलमन नावाच्या गावात, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकला. गव्हाच्या शेतांमधलं तीसेक हजार वस्तीचं गाव. या विद्यापीठाचे संघ ज्या गटात खेळत, त्या 'पॅक-१२'मधून तीन दिवसांपूर्वी एका झटक्यात पाच विद्यापीठं बाहेर पडली होती. तीन आधीच गेली होती. बारापैकी चार उरली. "यातली अजून दोन जातील," तो म्हणाला, "आम्ही नाही जाणार. आम्हाला कोणी घेणार नाही."

मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. कॉलेजचा संघ कुठल्या गटात खेळतो यावरून अठ्ठावीस-तीस वर्षांच्या माणसाने इतकं उदास का व्हावं? मग मी वाचत गेलो.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाची आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून कल्पना येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. आपसात सामने खेळायचे, नियम मिळून ठरवायचे, येणारा पैसा वाटून घ्यायचा. सुरुवातीला गट कसा करायचा हा प्रश्न सोपा होता. रेल्वेने जाऊन येता येईल असे शेजारी शोधायचे. 'बिग टेन' हा गट १८९६ साली शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांनी केला. पश्चिम किनाऱ्यावर १९१५च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंड शहरात चार विद्यापीठं एकत्र आली. त्यांचा 'पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स' हा पॅक-१२चा पूर्वज. वॉशिंग्टन स्टेट त्यात १९१७ साली आलं, आयडाहो विद्यापीठ १९२२ साली.

आयडाहोचं नाव लक्षात ठेवा. हे विद्यापीठ मॉस्को नावाच्या गावात आहे. राज्य वेगळं, पण पुलमनपासून अंतर जेमतेम १३ किलोमीटर.

१९५०च्या दशकात या गटातली काही मोठी विद्यापीठं खेळाडूंना चोरून पैसे देताना पकडली गेली. दंड झाले, भांडणं झाली आणि १९५९ साली गट मोडला. लगेच पाच विद्यापीठांनी नवा गट केला: बर्कली, स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी आणि वॉशिंग्टन. वॉशिंग्टन स्टेटला आत यायला १९६२ उजाडलं. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १९६४ साली आले. आयडाहोला मात्र कोणी बोलावलंच नाही. चार दशकांचे शेजारी एका फेरीत गळले. पुढे त्यांनी छोट्या विद्यापीठांबरोबर गट केला, मधल्या काळात पुन्हा वरच्या श्रेणीत येऊन पाहिलं आणि २०१८ साली फुटबॉलमध्ये स्वतःहून खालची श्रेणी पत्करली.

तरीही तोवर हा सगळा शेजारपाजारचाच मामला होता. तो बदलला एका कोर्टाच्या निकालाने.

टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचे किती सामने दाखवायचे, हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. घरबसल्या सामने दिसले तर स्टेडियममध्ये कोण येईल, ही भीती. त्यांच्या एका योजनेत तर कुठलाही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसायचा नाही असं बंधन होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची मक्तेदारी बेकायदा ठरवली. विरोधी निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळचे नावाजलेले कॉलेज फुटबॉलपटू होते. खेळ पूर्णपणे धंद्याच्या हाती गेला तर त्याचं शिक्षणाशी असलेलं नातं तुटेल, अशी त्यांची काळजी होती.

आता सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आला आणि ती तो गटाने विकू लागली. त्यामुळे गटात कोणाला घ्यायचं याचं उत्तर नकाशाऐवजी हिशोबाच्या वहीत शोधलं जाऊ लागलं.

हिशोब शाळेतल्या सरासरीचाच आहे. समजा, दहा जणांच्या गटाला वर्षाला १०० रुपये मिळतात. प्रत्येकाला १०. अकरावा सदस्य आल्यामुळे गटाची किंमत ८ रुपयांनी वाढली, तर १०८ भागिले ११, म्हणजे प्रत्येकाचा वाटा दहाच्या खाली जातो. अकरावा कितीही सज्जन असो, जुना शेजारी असो, त्याला घेणं तोट्याचं. जो सरासरीपेक्षा जास्त आणेल तोच आत.

हे सूत्र वाचताना मला आमचं कॉलेज आठवलं. एक कंपनी आमच्याकडे कॅम्पसला यायची थांबली, तेव्हा कारण मिळालं होतं की तीन-चार मुलं घेण्यासाठी दोन माणसांचा एक दिवस घालवणं परवडत नाही. हिशोब बरोबर होता. म्हणूनच राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तर, सरासरी वर कशी न्यायची? बिग टेनने २००७ साली स्वतःचं केबल चॅनल सुरू केलं. गटाचं विद्यापीठ ज्या राज्यात असेल, तिथल्या केबल ग्राहकांकडून चॅनलला जास्त दर मिळतो. म्हणून २०१४ साली न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलँड हे दोघं आत आले. मैदानावर दोघांचा फार दरारा नव्हता, पण एकाच्या शेजारी न्यूयॉर्क, दुसऱ्याच्या शेजारी वॉशिंग्टन डीसी. लाखो घरं सामना बघोत न बघोत, बिलात पैसे भरत होती.

आता पॅक-१२ची गोष्ट. २०१० साली टेक्सास आणि ओक्लाहोमासकट अर्धा डझन विद्यापीठं ओढून सोळा जणांचा गट करायचा त्यांचा बेत होता. तो फसला. कोलोरॅडो आणि यूटा आले आणि २०११ साली दहाचे बारा झाले. जुलै २०२१मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी 'बिग १२' गट सोडून दक्षिणेतल्या 'एसईसी'मध्ये जायचं ठरवलं. बिग १२मध्ये आठ जण उरले आणि दारोदार विचारू लागले. पॅक-१२ने ऑगस्टमध्ये जाहीर केलं की सध्या आम्ही कोणालाच घेणार नाही. दोनच दिवस आधी त्यांनी बिग टेन आणि 'एसीसी' या गटांबरोबर एकमेकांना सांभाळून घेण्याच्या आणाभाका घेतल्या होत्या. मग भीती कसली?

दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, त्याच बिग टेनने पॅक-१२मधून यूएससी आणि यूसीएलए उचलले. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं चार हजार किलोमीटरवरच्या रटगर्सच्या गटात गेली. ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलर्सहून मोठा टीव्ही करार केला. त्याच उन्हाळ्यात आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले होते, म्हणजे ६ अब्ज डॉलर्सच्या आसपास. कॉलेजच्या एका गटाची ही किंमत.

लॉस एंजेलिस गेल्यावर पॅक-१२कडची सर्वात मोठी बाजारपेठ गेली. नाकारलेल्या आठ जणांच्या बिग १२ने मात्र चार नवे सदस्य घेतले आणि ऑक्टोबर २०२२मध्ये पॅक-१२च्या आधी जाऊन टीव्ही करार पक्का केला. पॅक-१२च्या हातात शेवटी ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव राहिला. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो बिग १२मध्ये गेलं. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग १२मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक किनाऱ्यावरचा एसीसी गट धरला, तोही वर्षानुवर्षं कमी वाटा घेऊन. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटाच सोडला. आत येण्यासाठी एवढी किंमत.

पुलमन आणि कॉर्व्हॅलिस, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट, दोघेच उरले. सहकाऱ्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.

दोघांनी कोर्टात धाव घेतली. ज्यांनी जायचं ठरवलं, त्यांनी गटाच्या तिजोरीबद्दल मत द्यायचं नाही, असा दावा. पुलमन ज्या काउंटीत आहे तिथल्याच कोर्टाने तो उचलून धरला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. मग हा दोन सदस्यांचा गट दोन वर्षांच्या सवलतीवर चालला. २०२४ साली सामने तरी मिळावेत म्हणून त्यांनी 'माउंटन वेस्ट' या गटाशी करार केला. आमचे सदस्य पळवलेत तर दंड भराल, असं त्यात कलम होतं.

सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी त्याच गटातले पाच जण घेतले: बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट. वर दंडाचं कलमच बेकायदा आहे म्हणून दावाही ठोकला. नंतर बास्केटबॉलसाठी गोंझागा आणि फुटबॉलमध्ये वरच्या श्रेणीला लागणारा आठचा आकडा गाठायला टेक्सास स्टेट. १ जुलै २०२६ ही सगळ्यांच्या प्रवेशाची तारीख ठरली.

त्या बातमीनंतर सहकारी कॉलवर पुन्हा हसत होता. मी त्याला सहज विचारलं, "बॉइसी आयडाहो राज्यातलंच ना? मग तुमच्या शेजारचं मॉस्को का नाही घेतलं? एके काळी तुमच्याच गटात होते ते."

"त्यांना घेऊन काय मिळणार?" तो पटकन म्हणाला. "छोटं गाव, टीव्हीवर कोण बघतं..."

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. मॉस्को पुलमनपेक्षा फार लहान नाही. थोडा वेळ लाइनवर कोणीच बोललं नाही. मग त्याने स्क्रीन शेअर केली आणि आम्ही कामाला लागलो.