दहा वर्षांच्या मुलाने शाळेत आणलेला वसंत

शांतिनिकेतनचा वसंतोत्सव म्हटला की पिवळ्या साड्या, केसांत माळलेली पळसाची फुले, उधळलेला गुलाल आणि नाचत जाणाऱ्या मुलामुलींच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. पुलंच्या ‘वंगचित्रे’मुळे मराठी वाचकाला हा परिसर तसा परका नाही. हा उत्सव रवींद्रनाथांनी सुरू केला, असे सर्रास लिहिले जाते. त्याचा आरंभ शोधू लागल्यास मात्र आपण शाळेतल्या एका दहा वर्षांच्या मुलापाशी येऊन थांबतो. त्याचे नाव शमींद्रनाथ. रवींद्रनाथांचा हा धाकटा मुलगा.

आधी शाळेविषयी. डिसेंबर १९०१ मध्ये बोलपूरजवळच्या माळरानावर पाच विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. रवींद्रनाथांना स्वतःला कोलकात्याच्या एकाही शाळेत मन रमवता आले नव्हते. भिंती, बाके आणि घोकंपट्टी यांची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. म्हणून येथे वर्ग झाडाखाली भरत आणि प्रत्येक मूल आपले आसन स्वतः घेऊन येई. कल्पना सुंदर होती, पण तिजोरी रिकामी होती. शाळा चालावी म्हणून पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले.

या शाळेला ऋतूंकडे पाहायला शिकवणाऱ्यांत सतीशचंद्र राय या तरुण शिक्षकाचा वाटा मोठा होता. बी. ए.ची परीक्षा सोडून तो येथे आला. मुलांना घेऊन तो मोकळ्या रानात भटके आणि चालता चालता कविता व नाटके समजावून सांगे. १९०४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन वसंताच्या तोंडावर, देवीच्या साथीने तो गेला आणि शाळा काही काळ शिलाईदहाला हलवावी लागली. त्याआधी १९०२ मध्ये मृणालिनीदेवी आणि १९०३ मध्ये मुलगी रेणुका गेली होती. पुढे १९०५ च्या जानेवारीत वडील देवेंद्रनाथही गेले. पहिल्या चार वर्षांतच या शाळेने इतके मृत्यू पाहिले होते.

१९०७ च्या वसंत पंचमीस शमीने सवंगड्यांना जमवून ऋतूंचा उत्सव केला. मुलांनी ऋतूंची सोंगे घेतली. शमी स्वतः वसंत झाला. खर्च फारसा नाही, रंगमंच नाही, शाळेच्या आवारात होईल तेवढेच. आजच्या भाषेत ज्याला शालेय उपक्रम म्हणतात, तोच हा.

दिवसाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा दसऱ्याला होते; बंगालमध्ये सरस्वतीपूजेचा दिवस वसंत पंचमी. त्या दिवशी मुले वह्या-पुस्तके देवीच्या पायाशी ठेवतात आणि अभ्यासाला हात लावत नाहीत. शांतिनिकेतनात मात्र अशी पूजा होणे शक्य नव्हते. देवेंद्रनाथ ब्राह्मो समाजाचे. त्यांनी १८८८ मध्ये केलेल्या विश्वस्तपत्रानुसार आश्रमात मूर्तिपूजेस मनाई होती. बंगालभरच्या मुलांना आनंदाचा असलेला हा दिवस येथे कोराच राहिला असता. त्या कोऱ्या जागी ऋतू आला, असे अनुमान करावेसे वाटते. होळी पौर्णिमा तेव्हा महिन्याहून अधिक दूर होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. ‘रवींद्रनाथांची होळी’ हे या उत्सवाला लावले जाणारे बिरुद निदान त्याच्या आरंभाला तरी लागू पडत नाही.

त्याच वर्षी पूजेच्या सुट्टीत शमी मित्राबरोबर मुंगेरला गेला आणि तेथे त्याला पटकी झाली. बातमी कळताच रवींद्रनाथ तेथे पोहोचले, पण मुलगा हाती लागला नाही. तारीख होती २४ नोव्हेंबर १९०७; बंगाली पंचांगानुसार ७ अग्रहायण. पाच वर्षांपूर्वी नेमक्या ७ अग्रहायणलाच त्याची आई गेली होती. शमीला अकरावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस उरले होते.

पुढे १९३२ मध्ये मुलगी मीरा हिचा मुलगा वारला, तेव्हा तिला लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांनी मुंगेरनंतरची एक रात्र आठवली आहे. आगगाडीतून परतताना आकाश चांदण्याने भरलेले होते, आणि जगात कुठे काही उणे झाल्याची खूण त्यांना दिसली नाही.

यानंतर ऋतूंचे उत्सव थांबले असते, तर कोणी दोष दिला नसता. झाले उलटेच. १९०८ मध्ये रवींद्रनाथांनी शाळेतल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. १९१५ मध्ये आले ‘फाल्गुनी’. त्यात तरुणांची एक टोळी हिवाळ्याच्या म्हाताऱ्याला पकडायला निघते आणि अखेर गुहेतून बाहेर येणारा तो म्हातारा त्यांचाच सरदार निघतो. नाटकातला आंधळा बाऊल रवींद्रनाथ स्वतः झाले. जानेवारी १९१६ मध्ये बांकुड्याच्या दुष्काळग्रस्तांसाठी कोलकात्याला जोडासाँकोच्या वाड्यात त्याचा प्रयोग झाला. मृत्यूचा मुखवटा काढला की आत ऋतू सापडतो, हे या नाटकाचे सूत्र शमीला विसरून वाचणे कठीण आहे. अर्थात कलाकृतीचा उगम एकाच दुःखात शोधण्याचा मोह आवरायलाही हवा.

उत्सवाचे रूप मग पालटत गेले. नंदलाल बोस कलाभवनात आल्यावर सजावटीला आणि अल्पनेला वेगळी शिस्त आली, मुलींच्या सहभागाने नृत्य आले, आणि दिवस वसंत पंचमीवरून दोलपौर्णिमेवर, म्हणजे आपल्या होळी पौर्णिमेवर, सरकला. आसनांच्या शाळेत हजारोंची गर्दी लोटू लागली. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे उत्सव रद्द करावा लागला. त्यानंतरच्या काही वर्षांत विश्वभारतीने तो बाहेरच्या प्रेक्षकांना न बोलावता केला, केवळ आपल्या विद्यार्थ्यांपुरता आणि शिक्षकांपुरता.