तिरपा टाइप आणि धावता हात



लग्नसराई आली की नांदेड-लातूरच्या छापखान्यांतून पत्रिकांचे गठ्ठे बाहेर पडू लागतात. त्यांतली एखादी हाती घेऊन पाहा. वधूवरांची नावे इंग्रजीत छापली असतील, तर ती पुष्कळदा उजवीकडे झुकलेल्या, टोकांना बारीक पाय असलेल्या, नाजूक अक्षरांत असतात. हा इटॅलिक टाइप. हौसेने कोणी देवनागरीलाही तसेच झुकवतो. पण ती अक्षरे डौलदार दिसत नाहीत, वाऱ्याने कलंडल्यासारखी दिसतात. असे का व्हावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू गेले असता आपल्या घरातल्या जुन्या पेटीपाशी येऊन थांबावे लागते.

इटॅलिक हा मुळात टाइप नव्हताच. तो धावता हात होता. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचा निक्कोलो निक्कोली हा विद्वान जुन्या ग्रंथांच्या नकला भराभर उतरवण्यासाठी झुकते, जोडलेले वळण वापरीत असे. पोपच्या दफ्तरातील लेखकांनीही तसलेच वळण घोटून सुबक केले. पुढे व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सियो याने फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्या वळणाचे ठसे कोरवून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलची काव्ये हातात मावेल अशा लहान आकारात छापली. सबंध पुस्तकच तिरपे! पुढे उभा टाइप मुख्य झाला, तरी तिरप्याला घराबाहेर काढले गेले नाही. ग्रंथाचे नाव, परभाषेतला शब्द, बोलताना ज्यावर जोर द्यावा तो शब्द, अशी कामे त्याच्याकडे आली. आणि हे अक्षर केवळ झुकवलेले नसते, ते हाताच्या चालीने नव्याने काढलेले असते. इंग्रजी वर्णमालेतले पहिले लहान अक्षर पाहा. उभ्या टाइपात त्याच्या डोक्यावर छत्री असते. तिरप्यात ती छत्री जाते आणि एका फटकाऱ्यात ओढलेला गोल उरतो. देवनागरीत आपण उभ्या अक्षराला नुसता धक्का देतो. शिरोरेषा आडवीच राहते आणि खालचे दांडे तेवढे कलतात.

मग आपल्यापाशी धावता हात नव्हता काय? होता, आणि तो सामान्य नव्हता. मोडी हाच तो हात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ही लिपी प्रचारात आणली अशी परंपरा आहे. म्हणजे परंपरेपुरते तरी तिचे माहेर मराठवाड्यातच. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्द तोडण्याची सक्ती नाही. पोथी बाळबोधीत, पण पत्र, हिशेब, खत आणि करार मोडीत, अशी वाटणी शतकानुशतके चालली.

या हातालाही खिळे लाभले होते. विल्यम कॅरी याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने रचलेला मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे निघाला, तो मोडी टाइपात. पण १८३१ चा मोल्सवर्थचा कोश बाळबोधीत छापला गेला. गणपत कृष्णाजी आणि त्यांच्यानंतर जावजी दादाजी यांच्या छापखान्यांनी बाळबोध खिळा इतका देखणा केला की पुस्तकात मोडीला जागा उरली नाही. ग्रंथनामासाठी आपण एकेरी अवतरणचिन्ह घेतले, जोर देण्यासाठी ठळक खिळा घेतला. मोडीला दुय्यम आसनही मिळाले नाही. विसाव्या शतकात शाळांतूनही ती गेली, आणि छापलेल्या पानावर भेटत नसल्यामुळे डोळ्यांची ओळखही गेली.

निजामी राजवटीत आपल्या भागात आणखी एक धावता हात होता. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राज्यभाषा झाली. उर्दूचे नस्तालीक वळण वरून खाली तिरपे उतरते. ते खिळ्यांत बसवणे कठीण, म्हणून पुस्तके बहुतांशी शिळाछापावर निघत. त्याच घराण्यातले घाईचे वळण म्हणजे शिकस्ता. शिकस्ता म्हणजे मोडलेली, आणि मोडीचे नावही 'मोडणे' या क्रियापदाशीच लोक जोडतात. दोन भाषांच्या कारकुनांना घाईच्या अक्षरासाठी एकच उपमा सुचली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता फरक पाहा. १५०१ चे ते व्हेनिसचे पान आजच्या शाळकरी मुलापुढे ठेवा. भाषा लॅटिन, अर्थ कळणार नाही, पण बहुतेक अक्षरे तो ओळखील. कारण तो हात छापील पानावर जिवंत राहिला. आणि त्याच मुलाच्या पणजोबांचे खरेदीखत त्याच्यापुढे ठेवा. भाषा त्याच्या आईची, गाव त्याचे, शेत त्याचे. अक्षर मात्र एकही लागणार नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमार्फत मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सर्वांनाच जाणवली. नोंदीचा अर्थ काय लावावा, हा वाद निराळा. पण वाद घालण्यापूर्वी कागद वाचता यावा लागतो, आणि तो वाचण्यासाठी आपल्याला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागले.

२०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर तिची अक्षरे उमटवण्याची वाट मोकळी झाली. परंतु यंत्राने वाट दिली तरी चालायचे आपल्यालाच. तिरपा टाइप सुंदर म्हणून टिकला असे नव्हे. त्याला काम दिले म्हणून तो टिकला. घरची पेटी उघडा. आतल्या कागदांना वाळवी लागण्याआधी घरातल्या एकाने तरी मोडीची बाराखडी गिरवावी, इतकेच आज मागतो.