नळदुर्गचा पाणीमहाल व अनिश्चित पर्जन्याचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्ग किल्ला पाहणाराची दृष्टि बहुधा तटबुरुजांवर व पाणीमहालाच्या शोभेवर खिळते. परंतु बोरी नदीवरील हा बांध म्हणजे एका बिकट प्रश्नाचें दगडांत कोरलेलें उत्तर आहे, इकडे आम्ही संशोधकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत इ. स. १६१३ मध्यें हा बांध झाला. त्याच्या पोटांत महाल आहे. पावसाळ्यांत तलाव भरला म्हणजे जादा पाणी 'नर' व 'मादी' या सांडव्यांवरून खालीं कोसळतें, तरी आंतील दालन कोरडें राहतें.

पाऊस किती पडेल हें बांध घालणारास ठाऊक नसतें. भिंत ठेंगणी ठेवावी, तर अवर्षणांत शिबंदी तहानेली राहावी. उंच करावी, तर खर्च वाढावा. सांडवा अपुरा पडावा, तर पुरानें बांधच फुटावा. म्हणून येथें निर्णय दोन. भिंतीची उंची व सांडव्याची पातळी पाऊस पाहण्यापूर्वींच ठरते. सांठलेल्या पाण्याची वांटणी मात्र पावसाळा सरल्यावर, शिल्लक पाहून करावयाची. इ. स. १९५५ त अमेरिकेंत जॉर्ज डँट्झिग यांनीं अनिश्चिततेंतील नियोजनाचें जें गणित प्रसिद्ध केलें, त्यांतही हेच दोन टप्पे आहेत. त्याच्या आदल्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत मोरान यांनीं धरणांचा हिशेब मांडला: आवक अनिश्चित, सांठ्यास मर्यादा, उरलें तें वाहून जाणार, उन्हाळ्यांत ठरीव पाणी काढणार, यावरून तलाव रिता पडण्याचा संभव किती, तें निघतें.

आदिलशाही कारागिरांस हें गणित अवगत होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रश्न तोच होता, एवढेंच म्हणणें आहे. परंतु त्यांचा अंदाज कितपत खरा ठरला हें तपासावयाचें, तर अनेक वर्षांच्या आवकेची नोंद पाहिजे. नर-मादी कोणत्या तिथीस वाहूं लागलीं, विहिरी केव्हां आटल्या, अशी एखादी ओळ जुन्या कीर्दींत किंवा घरगुती पत्रांत असण्याचा संभव आहे. लढाई वा तहाचा उल्लेख नाहीं म्हणून असे कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं तसें होऊं देऊं नये. पावसाची ती एक ओळ, तिथि व ठिकाण यांसह, उतरून ठेवावी. गमावलेलें एक वर्ष कोणतेंही गणित परत आणूं शकणार नाहीं.