प्रतबंदीची सरासरी : पिंपळनेर तालुक्याच्या निमित्ताने

एकोणिसाव्या शतकात खानदेश जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका तालुक्यास पिंपळनेर हे नाव होते; आजचा साक्री तालुका हा बव्हंशी त्याचाच वारस होय. पांझरेच्या वरच्या अंगास, सह्याद्रीलगत, पाऊस पुष्कळ आणि पीक भात-नागलीचे. पूर्वेकडे उतरावे तसा पाऊस आटत जातो आणि बाजरीची कोरडवाहू शिवारे लागतात. अशा तालुक्याचे सरासरी पर्जन्यमान काढता येते, परंतु ते तालुक्यातील बहुतेक गावांना लागू पडत नाही.

‘सरासरी’ हा शब्द फारसीतून आला. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुळात शब्दात दोन्ही टोकांचे भान आहे. व्यवहारात मात्र टोके गळून पडली आणि मधला आकडा तेवढा उरला. हे घडले कसे, याचे उत्तम उदाहरण जमीनमहसुलाच्या दप्तरात सापडते.

गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीस 1847 च्या संयुक्त अहवालात निश्चित रूप आले. तीत मातीच्या नऊ प्रती मानल्या होत्या. पहिलीचे मोल सोळा आणे, सहावीचे सहा, आठवीचे तीन, नववीचे दोन. प्रतबंदी करणारा कारकून शेताच्या आकृतीवर सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात मातीची खोली व दोष नोंदवी, आणि सर्व भागांचे आणे मिळवून भागांच्या संख्येने भागी. आलेला आकडा ही त्या शेताची प्रत.

समजा, एका शेताचे चारही भाग सहा आण्यांचे आहेत. दुसऱ्या शेताचे भाग सोळा, तीन, तीन व दोन आण्यांचे आहेत. सरासरी दोहोंची सहाच. परंतु दुसऱ्या शेतात सहा आण्यांची जमीन कोठेच नाही. त्याचा मध्यक तीन, बहुलकही तीन. ओढ्याकाठच्या एका उत्तम तुकड्याने सरासरी वर ओढली आहे. सरासरीपासूनची अंतरे दहा, तीन, तीन व चार. त्यांच्या वर्गांची सरासरी 33.5, आणि तिचे वर्गमूळ सुमारे 5.8 आणे. हेच प्रमाण विचलन. पहिल्या शेतात ते शून्य आहे. ही संज्ञा कार्ल पिअरसनने 1893 मध्ये योजली; विंगेटच्या कारकुनापाशी ती नव्हती, पण विचलन त्याच्या आकृतीत डोळ्यांसमोर होते. आकारणीपत्रकात ते उतरले नाही, इतकेच.

तथापि मोजणी खात्यास केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. जमिनीजमिनीतील फरक त्याने प्रतींनी, आणि गावागावांतील फरक हवामान व बाजारपेठ पाहून गावांचे गट पाडून, पुष्कळ अंशी सांभाळला. निसटला तो वर्षावर्षांतील फरक. आकारणी तीस वर्षांसाठी रोख व स्थिर. सुकाळाची शिल्लक दुष्काळास पुरेल, हे तिच्यामागील गृहीत होते. शेतकरी मात्र सरासरी वर्ष जगत नाही. एकामागून एक वर्ष जगतो, आणि वाईट वर्ष आधी आले तर त्याची गाठ सावकाराशी पडते. खानदेशात 1852 साली मोजणीविरुद्ध दंगा झाला तो वाढीव साऱ्याच्या भीतीने; स्थिर साऱ्याचा धोका पुढील दुष्काळांनी, विशेषतः 1899-1900 च्या छप्पन्याने, उघड केला.

तहकुबी व सूट देण्यासाठी मग पिकाची आणेवारी पाहिली जाऊ लागली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. बाकीचा अंदाज नजरेचा. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. त्याआधीच, 1940 च्या दशकात, सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी यादृच्छिक निवडीच्या पीककापणी प्रयोगांचा पाया घातला. त्यात उत्पन्नाच्या सरासरीबरोबर तिची संभाव्य चूकही काढता येई, म्हणजे विचलनास प्रथमच हिशेबात जागा मिळाली. गावाची पैसेवारी म्हणून जाहीर होणारा आकडा मात्र एकच राहिला. काळ्या जमिनीचे शेत आणि बरडावरचे शेत त्यात एकत्रच मोजले गेले.