विनोदाच्या कुंचल्याखालीं राजकारणी स्त्री

व्यंगचित्र ही वृत्तपत्रसृष्टींतील एक अजब न्यायसभा आहे. तेथें आरोपपत्र नसतें, साक्षीदार नसतात, वकिलांचे युक्तिवाद नसतात. चार रेघा ओढल्या जातात आणि निकाल लागतो. तो निकालही असा कीं, ज्याच्याविरुद्ध तो लागला त्यालाच पुष्कळदां हंसूं आवरत नाहीं. राजे, प्रधान, सेनापति, पुढारी या सर्वांना या न्यायासनापुढें उभें राहावें लागतें, आणि लोकशाहीच्या प्रकृतीला तें मानवतेंही. परंतु याच न्यायासनापुढें एखादी स्त्री आली म्हणजे तिला तोच कायदा लावला जातो, कीं तिच्याकरितां निराळा कायदा काढला जातो? पुरुष मंत्र्याची थट्टा त्याच्या धोरणावरून होते. स्त्री मंत्र्याची थट्टा तिच्या धोरणावरून होते कीं तिच्या स्त्रीपणावरून? या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें देतां येणार नाहीं. गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांतील चित्रेंच साक्षीला बोलावलीं पाहिजेत.

लंडनचें 'पंच' हें साप्ताहिक सन १८४१ मध्यें निघालें. मोठ्या राजकीय विनोदी चित्राला 'कार्टून' हें नांव सन १८४३ पासून रूढ झालें तेंही याच पत्रामुळें. या पत्राच्या पानांवर स्त्रीमूर्तीची उणीव मुळींच नव्हती. त्रिशूळ आणि ढाल धारण करणारी ब्रिटानिया, हातीं तराजू घेतलेली न्यायदेवता, पंख पसरलेली शांतता, या सर्व स्त्रियाच. त्यांच्या आकृति भव्य, मुद्रा गंभीर आणि वस्त्रें देवळांतील मूर्तीला शोभणारीं असत. मात्र त्यांपैकीं एकही हाडामांसाची नव्हती. राष्ट्र, न्याय, स्वातंत्र्य अशा कल्पनांना स्त्रीरूप देऊन त्यांच्यापुढें मस्तक नमविण्यास चित्रकारांना कधींच संकोच वाटला नाहीं. ब्रिटानियेला मत मागावयाचें नव्हतें. ज्या दिवशीं खरीखुरी स्त्री मत मागावयास आली, त्या दिवशीं कुंचल्याचा रोंख पालटला.

तो दिवस फार लांब नव्हता. सन १८६६ च्या जून महिन्यांत जॉन स्टुअर्ट मिल यांनीं सुमारें पंधराशें स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटांत सादर केला. पुढच्या वर्षीं मताधिकार वाढविणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू असतां त्यांनीं एक लहानशी उपसूचना आणली. विधेयकांत जेथें 'पुरुष' असा शब्द होता तेथें 'व्यक्ति' असा शब्द घालावा, एवढीच ती सूचना. २० मे १८६७ रोजीं तिच्या बाजूनें ७३ व विरुद्ध १९६ मतें पडलीं. यापूर्वींच, मार्च महिन्यांत, 'पंच' मध्यें जॉन टेनियल यांचें चित्र झळकलें होतें. मिलसाहेब पुढें होऊन वाट मोकळी करण्याची विनंती करीत आहेत, त्यांच्यामागें मत मागणाऱ्या स्त्रिया उभ्या आहेत, आणि समोर जॉन बुल आहे. विनोदाचा सारा भर एका शब्दावर होता. या स्त्रियांना 'व्यक्ति' म्हणतांना मिलसाहेब जणूं क्षणभर अडखळतात, आणि तें अडखळणें वाचकांना हंसवितें. चित्र सौम्य होतें, त्यांत शिवराळपणा नव्हता. तरीही एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. चित्रांत नांव आहे तें पुरुषाचें, वाद आहे तो पुरुषाचा. ज्यांच्याकरितां वाद चालला आहे त्या स्त्रियांचा केवळ घोळका आहे.

अटलांटिक महासागराच्या पलीकडे पांच वर्षांनीं जें चित्र निघालें तें इतकें सौम्य नव्हतें. व्हिक्टोरिया वुडहल या बाईंनीं बहिणीच्या भागीदारींत सन १८७० मध्यें न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर सराफी पेढी उघडली होती. सन १८७१ च्या जानेवारींत त्यांनीं अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढें स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि सन १८७२ मध्यें त्या राष्ट्राध्यक्षपदाकरितां उभ्या राहिल्या. १७ फेब्रुवारी १८७२ च्या 'हार्पर्स वीकली' मध्यें थॉमस नॅस्ट यांनीं त्यांना शिंगें आणि वटवाघुळाचे पंख जोडून साक्षात् सैतान म्हणून रंगविलें. त्यांच्या हातांत स्वैर प्रेमाचा पुरस्कार करणारा फलक दिला. मागें खडकाळ चढणीवर एक गरीब स्त्री चालली आहे. तिच्या पाठीवर मुलें आहेत आणि दारुडा नवराही आहे. तुझ्या मार्गानें जाण्यापेक्षां ही वाट बरी, असा तिचा भाव.

नॅस्ट यांच्यावर अन्याय होऊं नये म्हणून हें सांगितलें पाहिजे कीं, विवाहबंधनासंबंधीं वुडहलबाईंचीं मतें खरोखरच त्या काळाला न पेलणारीं होतीं व तीं त्यांनीं उघडपणें मांडलीं होतीं. मतावर टीका करण्याचा अधिकार चित्रकाराला होताच. पण याच नॅस्ट यांनीं सन १८७१ मध्यें न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी ट्वीड याचें चित्र काढलें होतें. त्यांत ट्वीडच्या मस्तकाच्या जागीं पैशाची थैली होती. ट्वीडनें लोकांचा पैसा लाटला, म्हणून त्याचें डोकें थैलीचें झालें. दोष आणि रूप यांचा तेथें चोख मेळ आहे. वुडहलबाईंच्या चित्रांत पेढी नाहीं, समितीपुढील भाषण नाहीं, उमेदवारीही नाहीं. आहे ती फक्त कुलस्त्रीला मोहांत पाडणारी चेटकीण. ट्वीडला त्याच्या कृत्याची शिक्षा झाली. वुडहलबाईंना त्यांच्या जातीला साजेशी शिक्षा निवडून दिली गेली. आणि गंमत अशी कीं, त्या चित्रांतील खरी साक्ष चित्रकाराच्याच विरुद्ध जाते. मुलांसह दारुड्या नवऱ्याला पाठीवर वाहून नेणाऱ्या त्या बाईकडे पाहिल्यावर, वुडहलबाई कशाविषयीं तक्रार करीत होत्या हें निराळें सांगावें लागत नाहीं.

याच सुमारास महाराष्ट्रांतही विनोदाचें हें शस्त्र स्त्रियांवर चालूं लागलें होतें, परंतु तें कुंचल्यापेक्षां रंगभूमीच्या द्वारें. नारायण बापूजी कानिटकर यांच्या सन १८८६ च्या 'तरुणी शिक्षण नाटिका' या नाटकांत शिकलेल्या स्त्रीची यथेच्छ टवाळी आहे. देश दोन, भाषा दोन, पण भीति एकच होती: बाई पुस्तक किंवा मत हातीं घेईल, मग चूल कोण पेटवील?

या भीतीला विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर आला. सन १९०३ मध्यें मँचेस्टर येथें एमिलिन पँकहर्स्ट यांनीं लढाऊ संघटना स्थापन केली आणि स्त्रियांचा मताधिकार सभागृहांतून रस्त्यावर आला. जानेवारी १९०६ मध्यें बर्नार्ड पार्ट्रिज यांनीं 'पंच' मध्यें दोन स्त्रिया दाखविल्या: एक समंजस, दुसरी आरडाओरड करणारी, आणि पहिली दुसरीला, तूंच आपल्या कार्याची वैरीण आहेस, असें बजावते. हें चित्र कडक आहे, तरी त्यांत विचाराला जागा आहे, कारण टीका चळवळीच्या रीतीवर आहे. त्या काळच्या सचित्र पोस्टकार्डांना तेवढीही मर्यादा उरली नव्हती. त्यांवर दोनच सांचे पुनःपुन्हां दिसतात. एक, पुढें आलेल्या दांतांची, चष्मा लावलेली, कोणी न वरलेली प्रौढ कुमारिका. दुसरा, घरांत मुलाला घेऊन भांडीं घासणारा बापडा नवरा. सन १९०९ च्या एका अमेरिकन कार्डावर तर बाप मुलाला दूध पाजीत आहे आणि त्याच्या मस्तकामागील ताटली मेरीमातेच्या प्रभामंडळासारखी शोभते आहे. कांहीं कार्डांवर स्त्रीची जीभ चिमट्यांत धरलेली किंवा कात्रीखालीं आलेली दाखविली जाई.

हीं कार्डें दुकानांत हंसत हंसत विकलीं जात होतीं, तेव्हां तुरुंगांत काय चाललें होतें? सन १९०९ च्या जुलैमध्यें मॅरियन वॉलेस डनलॉप यांनीं कारागृहांत अन्नत्याग केला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून अन्नत्याग करणाऱ्या स्त्रियांना धरून नळीवाटे बळजबरीनें अन्न घालण्यास सुरुवात झाली. बाजारांतील चित्रांत स्त्रीच्या तोंडाला कुलूप घालण्याचा विनोद, आणि तुरुंगांत त्याच तोंडांत बळेंच नळी! चित्रामुळें तो जुलूम झाला असें म्हणतां येणार नाहीं. पण ज्या समाजाला त्या चित्राचें हंसूं येत होतें, त्या समाजाला त्या जुलमाची चीड उशिरां आली तर नवल कसलें? या प्रश्नांतील खरें गांभीर्य येथें आहे.

स्त्रियांनीं मात्र विनोदावर बहिष्कार घातला नाहीं; त्यांनीं कुंचलाच हातीं घेतला. सन १९०७ मध्यें चित्रकार स्त्रियांचा एक संघ निघाला, सन १९०९ मध्यें 'सफ्रेज अटेलिये' ही दुसरी संस्था निघाली, आणि भिंती भित्तिपत्रकांनीं बोलूं लागल्या. त्यांपैकीं एक पत्रक विशेष प्रसिद्ध आहे. वरच्या ओळींत नगराध्यक्षा, परिचारिका, माता, डॉक्टर अथवा शिक्षिका आणि गिरणीकामगार स्त्री. यांपैकीं कोणालाही मत नाहीं. खालच्या ओळींत गुन्हेगार, वेडा, दारुडा अशा पुरुषांची रांग. मत त्यांचें शाबूत आहे. येथें कोणाच्या नाकाची थट्टा नाहीं, कोणाच्या रूपाची निंदा नाहीं. कायदा जसा होता तसाच मांडला आणि तोच हास्यास्पद ठरला. सन १९१३ मध्यें सरकारनें नवा कायदा केला: अन्नत्यागानें खंगलेल्या स्त्रीला सोडावें आणि ती सावरतांच पुन्हां पकडावें. लोकांनीं त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हटलें, आणि सन १९१४ च्या भित्तिपत्रकांत एका प्रचंड मांजराच्या जबड्यांत निपचित पडलेली स्त्री दिसली. त्या एका चित्रापुढें सरकारचा खुलासा लंगडा पडला.

पुढें सन १९१८ मध्यें तीस वर्षांवरील, कांहीं अटी पुऱ्या करणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना मत मिळालें, सन १९१९ मध्यें नॅन्सी ॲस्टर पार्लमेंटांत बसल्या, आणि सन १९२८ मध्यें मताधिकार पुरुषांच्या बरोबरीचा झाला. हिंदुस्थानांत मद्रास व मुंबई इलाख्यांच्या कायदेमंडळांनीं सन १९२१ मध्येंच स्त्रियांना मत देण्याचा निर्णय घेतला. मत मिळालें, तरी सांचे मोडले का?

भारताच्या पंतप्रधानपदीं इंदिरा गांधी सन १९६६ च्या जानेवारींत आल्या. प्रारंभीं राममनोहर लोहिया यांनीं त्यांना मुकी बाहुली म्हटलें. सन १९७१ च्या विजयानंतर त्यांनाच दुर्गेची उपमा मिळूं लागली. बाहुली आणि दुर्गा यांच्यामध्यें केवढें अंतर! तथापि दोन्ही उपमा एकाच कपाटांतल्या आहेत. निंदा करावयाची तर खेळणें, स्तुति करावयाची तर देवी. मधली जागा, म्हणजे कर्तृत्व आणि प्रमाद या दोहोंना समर्थ असलेल्या माणसाची जागा, रिकामीच. ती जागा भरून काढण्याचें काम उत्तम व्यंगचित्रकारांनीं केलें हें त्यांच्या श्रेयाला नमूद केलें पाहिजे. आर. के. लक्ष्मण यांनीं त्यांचें नाक लांब काढलें, पण पुरुष पुढाऱ्यांच्या नाकांना, कानांना व पोटांनाही त्यांनीं सूट दिली नव्हती. आणीबाणीच्या काळांत, डिसेंबर १९७५ मध्यें, अबू अब्राहम यांनीं स्नानाच्या टबांतूनच वटहुकुमांवर सही करणारे राष्ट्रपति दाखविले. सत्तेवर इतका मर्मभेदी प्रहार त्या काळांत क्वचितच झाला असेल. आणि त्यांत स्त्रीजातीचा उल्लेखसुद्धां नाहीं, कारण त्याची गरजच नव्हती.

ब्रिटनमध्यें सन १९७९ पासून सन १९९० पर्यंत पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर यांचें उदाहरण आणखी उद्बोधक आहे. त्यांची हातांतली पर्स व्यंगचित्रांत शस्त्र बनली. हा अन्याय म्हणावा काय? चेंबरलेन यांची छत्री आणि चर्चिल यांचा चिरूट यांप्रमाणेंच ती त्यांची ओळखीची खूण होती. त्यांत आकस पाहणें म्हणजे विनोदालाच देशोधडीला लावणें होय. परंतु सन १९८४ मध्यें सुरू झालेल्या 'स्पिटिंग इमेज' या बाहुल्यांच्या कार्यक्रमांत थॅचरबाईंना पुरुषी कोट आणि गळपट्टा चढविला गेला. सत्ता गाजवितात, तेव्हां त्या पुरुषच असल्या पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ. पोस्टकार्डावरील भांडीं घासणारा नवरा येथें मंत्रिमंडळांत जाऊन बसला, एवढाच फरक.

कांहीं जण म्हणतील कीं, स्त्रियांना थट्टेपासून संरक्षण मागणें हाच त्यांचा खरा अपमान आहे. हें म्हणणें अगदीं बरोबर आहे. सन १९४८ मध्यें 'शंकर्स वीकली' च्या प्रारंभीं पंडित नेहरूंनीं, आपलीही गय करूं नये, असें शंकर यांना सांगितलें होतें. राजकारणांतील स्त्रीलाही हाच मान हवा. गय नको, पण सांचाही नको. चित्र पाहतांना एकच कसोटी लावावी: स्त्रीच्या जागीं तसेंच धोरण असलेला पुरुष कल्पावा. विनोद टिकला तर तो राजकारणावरचा विनोद. ढासळला तर त्याचा पाया स्त्रीच्या देहावर, वयावर किंवा तिच्या चुलीवर होता असें समजावें. या कसोटीला पार्ट्रिज यांचें चित्र बरेंचसें उतरतें, लक्ष्मण यांचें नाक उतरतें, थॅचरबाईंची पर्सही उतरते. वुडहलबाईंचे पंख, पोस्टकार्डावरची कात्री आणि तो पुरुषी कोट उतरत नाहींत. म्हणजे सर्वच व्यंगचित्रकार दोषी नाहींत, आणि सर्वच निर्दोषही नाहींत. मात्र दोष घडला तेथें तो बहुधा आळसाचा आहे. माणूस पाहण्याचे कष्ट टाळून तयार सांचा उचलला, कीं असें चित्र सहज निघतें.

सन १८६७ मध्यें टेनियल यांना 'व्यक्ति' हा शब्द हास्यास्पद वाटला. मराठी भाषेनें हा प्रश्न आपल्यापुरता केव्हांच सोडविला आहे. आपल्या व्याकरणांत 'व्यक्ति' हा शब्द स्त्रीलिंगी आहे; मोठ्यांतला मोठा पुरुषही, व्यक्ति म्हणून उल्लेखिला गेला, कीं 'ती व्यक्ति' होतो आणि त्यामुळें त्याच्या पुरुषार्थाला बाध येत नाहीं. व्याकरणाला जें साधलें तें कुंचल्यालाही साधावें, एवढीच अपेक्षा आहे.