‘झुंड फेम’ या दोन शब्दांविषयी

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात विशीतल्या एका पोराचा खून झाला. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये त्याने काम केलं होतं. बातमी सगळीकडे एकाच शब्दांत फिरली: ‘झुंड फेम’. २०२२ मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी, चोरीच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती तेव्हाही मथळा तोच होता.

मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी पडली आणि एका निवृत्त, सज्जन गृहस्थांनी खाली लिहिलं, “वळणाचं पाणी वळणावरच जायचं.” त्याला भराभर अंगठे आले. मी काही लिहिलं नाही. ग्रुपवर वाद घालून काही होत नाही हे आता कळलंय. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

कारण आपल्या सोलापुरात हे वाक्य नुसती म्हण नव्हतं, एके काळी तो कायदा होता.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यात जोरात राबवला गेला आणि ठिकठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा जमातींची माणसं तिथे आणून ठेवली. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. आणि काम कुठे? गिरण्यांमध्ये. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांना कामगार हवेच होते. म्हणजे गुन्हेगार म्हणून कोंडायचं आणि कामगार म्हणून वापरायचं, दोन्ही एकाच कुंपणात. पोरांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत टाकायचा अधिकारही सरकारला त्या कायद्याने दिला होता. बापाची सवय पोराला लागू नये म्हणून. पोराने काय केलंय हा प्रश्नच नव्हता. तो कुणाचा आहे, एवढंच बघायचं.

देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कुंपण निघालं, पण ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पत्त्यात आहे. सेटलमेंट फ्री कॉलनी, पुढे नंबर. ‘फ्री’ हा शब्द तिथे का आला हे आज शाळेतल्या पोरांना सांगावं लागतं.

आता गंमत बघा. कायदा जायच्या काही महिने आधी, १९५१ च्या अखेरीस, राज कपूरचा ‘आवारा’ लागला. आपण तो गाण्यांसाठी लक्षात ठेवला, पण त्याची गोष्ट नेमकी याच प्रश्नावर उभी आहे. न्यायाधीश रघुनाथ म्हणतो, चोराचा पोरगा चोरच होणार. ख्वाजा अहमद अब्बासांनी लिहिलेल्या त्या गोष्टीत न्यायाधीशाचाच पोरगा झोपडपट्टीत वाढतो, आजारी आईसाठी भाकरी चोरतो आणि पुढे खरंच चोर होतो. लहानपणचा राज शशी कपूरने केलाय. वाया गेलेल्या शहरी पोरांवरचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला सिनेमा कायद्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता, हे मला फार मोठं वाटतं. पुढे सिनेमावाले ही बाजू कायम सांभाळू शकले असं नाही.

पण ‘आवारा’त एक सोय होती. पोरगा नट होता, शूटिंग संपलं की घरी जात होता. खरा गुंता तिथून सुरू होतो जिथे कॅमेरा वस्तीतच जातो आणि वस्तीतल्याच पोराला वस्तीतला पोरगा करायला लावतो.

ब्राझीलमध्ये १९८० च्या सुमारास हेक्टर बाबेन्कोने ‘पिशोते’ नावाचा सिनेमा काढला. साओ पाउलोच्या रस्त्यावरची, सुधारगृहातून पळालेली पोरं. मुख्य भूमिकेत फर्नांडो रामोस दा सिल्वा, गरीब वस्तीतलाच पोरगा. जगभर कौतुक झालं. १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीने तो मेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

दुसऱ्याच वर्षी मीरा नायरचा ‘सलाम बॉम्बे’ आला. कामाठीपुऱ्यातली, स्टेशनवरची पोरं. नाना पाटेकरचा दलाल, रघुवीर यादवचा चिलम. पोरं बहुतेक रस्त्यावरचीच, शूटिंगआधी त्यांची कार्यशाळा घेतली होती. कानला पारितोषिक, ऑस्करला नामांकन. मुख्य पोरगा शफीक सय्यद याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. ही गोष्ट सांगून लोक चुकचुकतात. मला त्यात चुकचुकण्यासारखं काय ते कळत नाही. रिक्षा चालवणं हे सन्मानाचं काम आहे. प्रश्न एवढाच, की पुरस्कार आणि रिक्षा यांच्या मधल्या वर्षांत त्याला कुणी विचारलं का. मीरा नायर यांनी सिनेमानंतर ‘सलाम बालक ट्रस्ट’ सुरू केला, तो दिल्ली-मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी अजून काम करतो. हे मोठंच झालं. पण संस्था अनेक मुलांची असते, सिनेमा एका मुलाच्या चेहऱ्यावर चालतो. एकाचं देणं दुसऱ्याने पूर्ण फिटत नाही.

‘स्लमडॉग मिलियनेर’ने निदान कागद केला. बांद्र्याच्या झोपडपट्टीतल्या दोन मुलांसाठी ट्रस्ट काढला आणि शिक्षणाशी पैसे जोडले. फेब्रुवारी २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळाले आणि त्याच मे महिन्यात त्यातल्या एका पोराची झोपडी पालिकेने पाडली. पडलेल्या झोपडीचे फोटो आपण सगळ्यांनी छापले. ‘आपण’ म्हणजे आम्ही पत्रकार.

आता मराठीकडे. जानेवारी २०२२ मध्ये महेश मांजरेकरांच्या ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’वरून वाद झाला, आठवत असेल. ट्रेलरमध्ये अल्पवयीन मुलं आणि लैंगिक दृश्यं. महिला आयोगाने आक्षेप घेतला, माहीम पोलिसांत पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. माझं मत सरळ आहे: सिनेमाला प्रौढांचं प्रमाणपत्र असो, तो विकायला अशा दृश्यांत लहान पोरांचे चेहरे ट्रेलरमध्ये घालणं चूक होतं. ट्रेलरला कुठलं वयाचं बंधन? माझा पोरगा नववीत आहे, तो मोबाईलवर बघतोच की.

पण त्या सगळ्या आरडाओरड्यात एक गोष्ट हरवली. सिनेमा जयंत पवारांच्या कथेवर होता. हे तेच जयंत पवार, ज्यांनी ‘अधांतर’ लिहिलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पवार स्वतः गिरणगावातले. त्यांच्या गोष्टींतली पोरं त्या बंद गेटाच्या सावलीत वाढलेली आहेत. ती हिंसक का आहेत याचं उत्तर भोंगा बंद झाल्यात आहे. ट्रेलरमध्ये पोरं आली, भोंगा आला नाही. आणि टीका करणाऱ्यांनीही दृश्यांबद्दल विचारलं, भोंग्याबद्दल नाही. सोलापूरकराला हे जास्त लागतं. आपले भोंगेही एकामागोमाग बंद झाले, आणि त्यानंतर चौकाचौकात उभी राहिलेली पोरं आपण पाहिली आहेत. त्यांना आपण ‘टोळकं’ म्हणालो. मीही बातमीत हाच शब्द वापरत होतो.

म्हणून मला ‘झुंड’ हा शब्दच महत्त्वाचा वाटतो. मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळ्याच्या जेऊरचे. ‘फँड्री’तल्या कैकाड्याच्या पोराने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. कैकाडी म्हणजे सेटलमेंटच्या यादीतलीच जमात, हे सोलापुरात बसून तो सिनेमा बघताना विसरता येत नाही. ‘झुंड’मध्ये त्यांनी नागपूरचे विजय बारसे आणि वस्तीतली फुटबॉल खेळणारी पोरं घेतली. कॉलेजचं मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत. पासपोर्टसाठी, मी कोण आहे हे सिद्ध करायला, कागद जमवताना होणारी दमछाक. हे सगळं बघताना मला हजेरीचे पास आठवत होते. हा सिनेमा पोराला शिक्का मारत नाही, शिक्का कोण मारतो ते दाखवतो.

तरीही त्यातला एक पोरगा मेला. याचा जबाब कुणाकडे मागायचा? मंजुळेंकडे? मला ते पटत नाही. सिनेमा दोन-तीन तासांचा, वस्ती आयुष्यभराची. पण ‘आमचं काम दाखवण्याचं होतं’ हे उत्तरही मला पुरत नाही, मग ते कुणीही देवो. पडद्यावर आलेल्या पोराला गल्लीत नवं नाव मिळतं, ते त्याला पेलतं का हे बघायला कुणीतरी शूटिंगनंतर दोन-चार वर्षं तरी मागे राहायला हवं. पैसे वकिलाकडे ठेवून हे होत नाही. फोन करावा लागतो, घरी जावं लागतं.

हे सांगायचा मला अधिकार किती, तेही लिहितो. वीसेक वर्षांपूर्वी, डिप्लोमा करून मी नुकताच एका दैनिकात लागलो होतो. पंधरा वर्षांच्या एका पोराला बॅटरी चोरताना पकडलं. अल्पवयीन आरोपीचं नाव छापायचं नाही हे मला माहीत होतं, ते छापलं नाही. वस्तीचं नाव छापलं, शाळेचं छापलं, बाप कुठे कामाला होता तेही. कायद्याने हेही चालत नव्हतं, आजही चालत नाही. ओळख पटेल असं काहीच द्यायचं नसतं. वर मथळा माझाच: ‘शाळकरी सत्या गजाआड’. डेस्कवर सगळे खूश.

चार दिवसांनी त्याची आई ऑफिसात आली. भांडली नाही. म्हणाली, “साहेब, नाव नाही छापलं म्हणता, मग शाळेनं कसं वळखलं?” शाळेने त्याला यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या एका ज्येष्ठांनी तिला चहा दिला, बघतो म्हणाले. आम्ही काही बघितलं नाही. खुलासा छापला नाही, मी त्या शाळेत गेलो नाही.

ते कात्रण अजून घरी आहे. माझं नाव पहिल्या पानावर आलेली ती पहिली बातमी, म्हणून आमच्या आईने फाईलला लावून ठेवलंय.