आईचे माहेरचे आडनाव : हार्वर्ड प्रवेशाची शंभर वर्षे

१९२२ च्या शरद ऋतूत हार्वर्ड कॉलेजच्या प्रवेश-अर्जात काही नवे रकाने आले. अर्जदाराचा वंश आणि वर्ण कोणता, धर्म कोणता, वडिलांचे जन्मस्थान कोणते, आईचे माहेरचे आडनाव काय. आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय. लॅटिन आणि भूमितीच्या पेपरांशी याचा काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध नव्हताच. शेवटचा प्रश्न आडनाव बदलून घेतलेले ज्यू हुडकून काढण्यासाठी होता.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या माणसांची मुले हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली की आईबाप आपल्याकडच्या सवयीने विचारतात, ‘किती मार्कांना मिळतं?’ आपल्याला गुणवत्ता यादी माहीत, कट-ऑफ माहीत. तिकडे आकडा सांगायला कुणी तयार नसते. निबंध लिहा, शिक्षकांची पत्रे आणा, मुलाखत द्या, शिवाय खेळ, वाद्य, समाजसेवा. हे सारे ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व’ पाहण्यासाठी असते, असे सांगितले जाते. ही पद्धत आली कुठून, याचा माग काढत मी मागे मागे गेलो, तेव्हा वाट या १९२२ च्या अर्जापाशी येऊन थांबली. जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ (२००५) या जाडजूड ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे दप्तर उलगडून हा इतिहास मांडला आहे. मला त्यात एक आपला माणूस सापडतो. त्याच्याकडे येतोच.

त्याआधीची पद्धत आपल्या सवयीची होती. परीक्षा द्या, पास व्हा, या. कॉलेज बोर्डाची पहिली सामायिक परीक्षा १९०१ च्या जूनमध्ये झाली, तिला सगळे मिळून ९७३ विद्यार्थी बसले. महागड्या खासगी शाळांतली मुले तयारी करूनच येत, गर्दी नसे, कुणाला फारसे नाकारावे लागत नसे. घोटाळा झाला तो याच परीक्षेमुळे. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली मुले सरकारी शाळांत शिकून ती पास होऊ लागली. १९०० साली हार्वर्डमध्ये ज्यूंचे प्रमाण ७ टक्के होते, १९२२ मध्ये ते २१ टक्क्यांवर गेले. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांना भीती पडली की जुन्या बॉस्टनची घराणी आपली मुले दुसरीकडे धाडतील. त्यांनी १५ टक्क्यांची उघड मर्यादा सुचवली. त्यावरून गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत आले, समिती नेमली गेली.

१९२३ च्या एप्रिलमध्ये समितीने मर्यादा फेटाळली आणि एक वेगळा नियम सुचवला. चांगल्या शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या वर्गाच्या पहिल्या सप्तमांशात जो असेल, त्याला प्रवेशपरीक्षा माफ. हेतू असा, की पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गावांतली मुले यावीत. तिथल्या शाळा हार्वर्डच्या परीक्षेची तयारी करून घेत नसत, आणि तिथे ज्यू वस्तीही थोडी होती.

इथे आपला माणूस येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा. वडील धर्मानंद ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, तेव्हा १९१८ मध्ये दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक त्यांच्याबरोबर केंब्रिजला पोचली. १९२० पासून दामोदर केंब्रिज हाय अँड लॅटिन या गावच्या सरकारी शाळेत. स्लाव्हिक भाषांचे प्राध्यापक लिओ वीनर हे धर्मानंदांचे सहकारी. त्यांचा मुलगा, पुढे नावाजलेला गणिती नॉर्बर्ट वीनर, याच्याशी दामोदरांची मैत्री जमली. वीनर कुटुंब ज्यू होते. म्हणजे ज्यांची डोकी मोजली जात होती, त्यांच्यातलेच.

१९२४ मध्ये दामोदरांना हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, तोही प्रवेशपरीक्षा न देता. त्यांच्या चरित्रात ही गोष्ट कुशाग्र बुद्धीची खूण म्हणून येते, आणि बुद्धी तर होतीच. पण माफीचा नियम आदल्याच वर्षी झाला होता, हे कुणी शेजारी ठेवून पाहिलेले माझ्या वाचनात नाही. दामोदर सप्तमांशाच्या दारातून आत गेले, असा माझा तर्क आहे. ज्यांच्यासाठी ते दार केले, ते दूरच्या गावांतले होते; आत शिरू लागली ती पूर्वेकडच्या शहरांतली हुशार मुले, त्यांत ज्यू पुष्कळ, आणि एक गोंयकार.

कारण नियम उलटला होता. १९२५ च्या नव्या वर्गात ज्यूंचे प्रमाण २७ टक्क्यांच्या वर गेले. मग लॉवेल यांनी टक्केवारीची भाषा सोडली. १९२६ च्या सुरुवातीला ठरले ते असे : पहिल्या वर्षाला हजारच मुले घ्यायची, प्रवेश समितीला ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व पाहण्याची मोकळीक द्यायची, आणि अर्जाला छायाचित्र जोडायचे. मर्यादा कुठेच लिहिलेली नाही, आणि लागू मात्र झाली. लॉवेल १९३३ मध्ये निवृत्त झाले, तोवर ज्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. मधल्या काळात भारतात येऊन दामोदर १९२६ च्या जानेवारीतच पुन्हा केंब्रिजला पोचले, जॉर्ज बर्कहॉफ यांच्या हाताखाली गणित शिकले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन परतले. (बाबासाहेबांचे कोलंबिया या हिशेबात येत नाही. ते पदव्युत्तर शिक्षण होते, आणि शिष्यवृत्ती बडोद्याची.)

पुढचे थोडक्यात. लॉवेल यांच्यानंतर आलेल्या जेम्स कोनंट यांनी दूरच्या राज्यांतल्या गरीब मुलांसाठी शिष्यवृत्त्या काढल्या आणि त्यांची निवड सॅट या नव्या चाचणीवर सोपवली. चाचणी प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी बसवलेली. वंशागणिक बुद्धी कमीजास्त असते असे पुस्तक १९२३ मध्ये लिहून १९३० मध्ये ते मत मागे घेणारे हेच ब्रिगम. गर्दी वाढली. १९४० मध्ये शंभरातल्या ८५ अर्जदारांना हार्वर्ड घेत असे, १९७० मध्ये २० जणांना, आणि २०२१ मध्ये ५७,४३५ अर्जांतून फक्त १,९६८ जणांना. शेकडा साडेतीनही नाही.

मधल्या काळात ‘चारित्र्या’ची मोकळीक तशीच राहिली, फक्त वापर पालटला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डची हीच पद्धत आदर्श म्हणून दाखवली, कारण आता तिच्यातून कृष्णवर्णीय मुलांना जागा मिळत होती. हे खरे, आणि महत्त्वाचेही. म्हणून मला ही पद्धत सरसकट दुष्ट म्हणता येत नाही. पण २०१४ मध्ये आशियाई अर्जदारांच्या वतीने खटला दाखल झाला आणि आतले कागद बाहेर आले. अभ्यासात पुढे असलेल्या आशियाई मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण इतरांपेक्षा कमी मिळत होते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मात्र तिघांत एक या दराने प्रवेश मिळत होता. या आशियाई गटात आपल्या देशपांडे-पाटलांची मुलेही मोजली जातात.

२९ जून २०२३ रोजी न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत त्या निकालाच्या कक्षेत नव्हती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक फट मोकळी ठेवली : वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले, हे अर्जदाराला निबंधात लिहिता येईल. तेव्हापासून सतरा वर्षांच्या मुलामुलींना घरात बसून हे ठरवावे लागते, की आपले आडनाव, आजीची भाषा, शाळेत झालेली चेष्टा यांतले किती लिहावे आणि किती वगळावे.